हवा आली कुठून?

माझं काम हवेचं. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. आमच्याकडं एअरजेट लूम आहेत. तिथं धोटा नसतो, बाण्याचा, म्हणजे आडवा धागा हवेच्या झोतानं या टोकाकडनं त्या टोकाला फेकला जातो. त्यामुळं कॉम्प्रेसर, ड्रायर, पाइपलाइन आणि लीकेज यातच माझी निम्मी हयात गेली. साबणाचं पाणी ब्रशनं जॉइंटवर लावायचं आणि बुडबुडा येतो का बघत उकिडवं बसायचं, हे रोजचं. सूं असा आवाज एका ठिकाणी येतो आणि लीकेज भलत्याच ठिकाणी असतं, हे मी हेल्पर पोरांना वीस वर्षं सांगत आलोय. अशा माणसाच्या पाठीच्या कण्यात हवा शिरावी, म्हणजे गंमतच. तेव्हा मात्र हसू आलं नव्हतं.

जानेवारीची गोष्ट. होम मैदानावर सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरलेला. सुट्टी होती म्हणून आम्ही तिघं दोन गाड्यांवरनं वळसंगच्या पुढं एकाच्या शेतात हुरड्याला गेलो होतो. ते दोघं एका गाडीवर, मी एकटा. गुळभेंडीचा हुरडा, शेंगाचटणी, दही, गूळ. निघायला रात्रीचे नऊ झाले. थंडी चांगली पडलेली. सोलापूरकडं येताना समोरनं एक ट्रक अप्पर मारत आला, डोळे दिपले, आणि ट्रक गेल्यावर जो अंधार झाला त्यात उसाची ट्रॉली उभी होती. पंक्चर झालेली. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चाकाला लावलेला दगड तेवढा नंतर दिसला. सीझनमध्ये या रस्त्यांवर अशा डबल ट्रॉल्या किती असतात ते सोलापूरकरांना सांगायला नको. गाडी पन्नासच्या आत असेल. ब्रेक दाबला, पण ट्रॉलीबाहेर आलेले उसाचे बुडखे आणि गाडीचं हँडल, दोन्ही उजव्या बरगड्यांवर बसलं. हेल्मेट होतं. गेटवर सक्ती आहे म्हणून सवय लागलेली.

पुढची चूक आमची, ती आधी कबूल करतो. मागनं येणाऱ्या दोघांनी मला उचललं, "हलू नको बे, हलू नको," म्हणत हलवलं आणि त्यांच्या गाडीवर मधे बसवून ट्रिपल सीट दवाखान्यात नेलं. १०८ ला फोन करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मणक्याचं हाड मोडलेलं असतं तर त्या वीस मिनिटांत काय झालं असतं, हे नंतर डॉक्टरांनी त्या दोघांना उभं करून सुनावलं. दोघं खाली मान घालून ऐकत होते. एक तर रडला.

पहिल्या दवाखान्यात झोपवून एक्स-रे काढला. दोन बरगड्यांना तडा आहे, बाकी काही नाही, म्हणाले. छातीला पट्टा आवळला, इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि घरी पाठवलं. तिथल्या लोकांवर मी फार राग धरत नाही. झोपवून काढलेल्या एक्स-रेत छातीतली थोडी हवा पुढच्या बाजूला पसरते आणि सहज नजरेतनं सुटते, हे मला नंतर कळलं. पण "दम लागला, गळा सुजला तर ताबडतोब परत या" हे एक वाक्य कागदावर लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं.

पहाटे पाच वाजता पाणी आलं. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, तीन-चार दिवसांनी येतं, त्यामुळं नळाचा आवाज आला की माणूस अर्धवट झोपेतच उठतो. मीही उठलो. बायको भांडी लावत होती. सवयीनं बादली उचलायला वाकलो आणि जोराचा ठसका लागला. छातीत काहीतरी सटकल्यासारखं झालं. पाचेक मिनिटांत गळ्याला आवळल्यासारखं वाटायला लागलं. मी बायकोला काहीतरी सांगायला गेलो तर आवाज नाकातनं आला, पातळ, दुसऱ्याच कुणाचा तरी. मुलगी झोपेतनं उठून म्हणाली, "पप्पा असं का बोलायलेत?" आणि हसली. बायको हसली नाही. ती बत्तीच्या उजेडात जवळ आली. "अहो, गळा बघा की तुमचा. मान कुठंय?"

आरशात बघितलं तर खरंच मान नव्हती. हनुवटीखालनं सरळ खांदे सुरू झालेले. उजव्या छातीवर हात ठेवला आणि दाबलं, तर कातडीखाली कुरकुरलं. चुरमुऱ्याची पिशवी दाबल्यावर होतं तसं. दुखत नव्हतं, पण आपल्याच अंगातनं असा आवाज येणं फार विचित्र. मी पुन्हा दाबलं. पुन्हा कुरकुर. बायकोनं माझा हात बाजूला केला आणि मेव्हण्याला फोन लावला.

सहा वाजता मोठ्या हॉस्पिटलात. कॅज्युअल्टीतल्या पोरसवदा डॉक्टरनं गळ्याला बोटं लावली मात्र, लगेच सिस्टरला हाक मारली. "सर्जिकल एम्फायसेमा," म्हणाला. म्हणजे कातडीखाली हवा. आधी तो पट्टा कापला. बरगड्या मोडल्यावर असं आवळून बांधत नाहीत, त्यानं श्वास नीट घेता येत नाही आणि कफ साठतो, असं त्यानं पट्टा कापता कापताच सांगितलं. मग मानेला कॉलर लावली, नाकाकानात टॉर्च मारून पाण्यासारखं काही गळतंय का ते बघितलं, आणि डोक्यापासनं पोटापर्यंत सीटी स्कॅन.

रिपोर्ट मेव्हण्याच्या हातात पडला. हे व्हायला नको होतं. त्यात चार-पाच गोष्टी होत्या. उजवीकडं तीन बरगड्या मोडल्यात, पहिल्यांदा दोनच दिसल्या होत्या. न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा. न्यूमोमीडियास्टिनम, म्हणजे दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत, हृदयाभोवती हवा. आणि शेवटून दुसरी ओळ: न्यूमोरॅकिस. मेव्हण्यानं तो शब्द मोबाइलवर टाकला, दोन मिनिटं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. मला काही बोलला नाही. बाहेर जाऊन बायकोला म्हणाला, "दाजींच्या मणक्याच्या नळीत हवा शिरलीय." बाहेरच्या बाकावर आई होती. तिनं एवढंच ऐकलं आणि अंगारा काढला.

त्या सकाळी खरी घाई होती ती छातीची. उजव्या काखेच्या खाली, चौथ्या-पाचव्या बरगडीच्या मधल्या जागेत भूल देऊन नळी घातली. भूल फक्त कातडीला आणि आतल्या पडद्याला. सुई टोचल्याचं कळतं, नंतर दुखतं कमी, पण ढकललेलं सगळं समजतं. बोट आत घालून वाट केली तेव्हा मी छताच्या पंख्याची पाती मोजत होतो. तीनच होती, तरी मोजत होतो. नळी आत गेली आणि खाली ठेवलेल्या बाटलीत भडभड बुडबुडे आले.

ही बाटली मला फार आवडली, खरं सांगतो. साधी गोष्ट. बाटलीत पाणी, नळीचं टोक पाण्यात दोन सेंटिमीटर बुडालेलं. छातीतली हवा बुडबुडा होऊन बाहेर येते, बाहेरची हवा पाण्यातनं आत जाऊ शकत नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पण एकही हलणारा भाग नाही. श्वास घेतला की नळीतलं पाणी वर चढतं, सोडला की उतरतं. सहा दिवस माझी नजर त्या पाण्यावर होती. माझंच लीकेज, माझ्यासमोर, पाण्यात. मेव्हण्यानं दुसऱ्या दिवशी फरशी पुसायला अडचण नको म्हणून ती बाटली उचलून कॉटवर, माझ्या पोटाशेजारी ठेवली. सिस्टर जी ओरडली! बाटली कायम छातीच्या खालीच पाहिजे, नाहीतर पाणी उलटं छातीत जातं. आणि नेताना-आणताना नळीला चिमटा लावायचा नाही, हवा आत कोंडते. सोबत कुणी असेल त्यानं हे दोन नियम पाठ करावेत, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

दुपारी न्यूरोसर्जन आले. मागं चार शिकाऊ डॉक्टर. मला वाटलं आता ऑपरेशनचं बोलतील. त्यांनी माझ्याकडं न बघता आधी त्या पोरांना विचारलं, "हवा आली कुठून?"

एकजण म्हणाला, "सर, न्यूमोरॅकिस आहे."

"ते रिपोर्टमध्ये लिहिलंय. मी विचारलं, आली कुठून? मणक्यात हवा तयार होत नाही."

मी कॉटवर पडल्या पडल्या ताठ झालो. हा तर माझाच प्रश्न. रोज हेल्परला मी हेच विचारतो.

मग त्यांनी मला तपासलं, आणि ते अर्धा तास चाललं. पायाचा अंगठा वर करा, खाली करा. माझ्या हाताला ढकला. डोळे मिटा आणि टोचतंय की बोथट लागतंय ते सांगा. सेफ्टी पिन पायाच्या बोटांपासनं चढत चढत छातीपर्यंत आणली. गुडघ्यावर हातोडी. तळव्यावर किल्लीनं रेघ ओढली आणि अंगठा कुठं वळतो ते बघितलं. लघवी लागल्याचं कळतं का, झाल्याचं कळतं का, हे तर प्रत्येकानं येऊन विचारलं, मला तोंडपाठ झालं. सगळं शाबूत होतं.

तपासून झाल्यावर त्यांनी संगणकावर माझा सीटी उघडला आणि स्क्रीन माझ्याकडं वळवला. असं करणारे डॉक्टर कमी. मणक्याचा आडवा काप, मधोमध गोल नळी, नळीत करडा ठिपका म्हणजे मज्जारज्जू, आणि त्याच्या मागं दोन-तीन काळेकुट्ट थेंब. "ही हवा." मी म्हणालो, काळं तर बाजूलाही दिसतंय. तेव्हा त्यांनी काहीतरी बटणं दाबून चित्राचा उजेड बदलला. बाजूचं काळं करडं झालं, ते थेंब काळेच राहिले. सीटीत पाण्याला शून्य धरतात, चरबी उणे शंभरच्या आसपास असते आणि हवा उणे हजारच्या. डोळ्याला दोन्ही काळंच, मोजलं की फरक कळतो. छातीच्या वरच्या मणक्यांपासनं मानेच्या शेवटच्या मणक्यापर्यंत असे थेंब होते.

मग रस्ता सांगितला. मार बसला तेव्हा फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे फुटले. फुटलेली हवा रक्तवाहिन्यांच्या वेष्टणांमधनं सरकत सरकत छातीच्या मध्यावर आली. फुफ्फुसातनं छातीच्या मध्यापर्यंतचा हा रस्ता मॅकलिन नावाच्या डॉक्टरनं १९३९ साली दाखवून दिला होता. तिथनं ती वर गळ्यात गेली, म्हणून आवाज बदलला. कातडीखाली पसरली, म्हणून चुरमुरे. आणि काही मागं गेली. प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये डावी-उजवीकडं भोकं असतात, तिथनं नसा बाहेर येतात. त्याच भोकातनं हवा आत नळीत शिरली. छातीचा मध्य, गळा आणि मणक्याची नळी यांच्यात पक्की भिंत नसते. नळीत मागच्या बाजूला ऊती सैल असतात, अडवणारं कमी, म्हणून हवा मागंच जमते. पहाटेची बादली आणि ठसका यांनी छातीतला दाब वाढवला आणि रात्रभर हळूहळू झिरपणारी हवा एकदम पुढं ढकलली.

मी म्हणालो, "म्हणजे मेन लाइनला लीकेज आहे आणि हवा लांबच्या फाट्यावर जमलीय."

ते पहिल्यांदा हसले. "काय करता तुम्ही?"

सांगितलं.

"मग तुम्हाला समजवायला नको. मी मणक्याला हात लावणार नाही. मेन लाइन बंद झाली की फाट्यावरची हवा आपोआप जाईल."

एक गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा बघितली. मज्जारज्जूभोवती एक जाड आवरण असतं, ड्युरा. हवा त्याच्या बाहेर आहे की आत, यावर सगळं अवलंबून. आत असती तर शोध डोक्याकडं गेला असता. कवटीच्या तळाचं हाड मोडलंय का, मेंदूभोवतीचं पाणी नाका-कानातनं गळतंय का. कारण पाणी बाहेर यायला जी वाट आहे, तीच जंतूंना आत जायला, आणि मग मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येण्याची भीती. अशी हवा सापडणारे पेशंट बहुतेक वेळा फार मोठ्या मारातले असतात. माझी हवा बाहेरच्या बाजूला होती आणि डोकं स्वच्छ होतं. हेल्मेटला मी त्या दिवशी मनातल्या मनात हार घातला.

मेव्हण्यानं विचारलं, सुई घालून ती हवा ओढून का नाही काढत? डॉक्टर म्हणाले, हवा मज्जारज्जूला दाबत असेल, पायातली ताकद जात असेल तर विचार करावा लागतो, तसे पेशंट क्वचित असतात. नाहीतर चांगल्या जागी सुई घालून नसती आफत.

म्हणजे मणक्यासाठी उपचार काय, तर काही नाही. पडून राहायचं, वाट बघायची, आणि दर दोन तासांनी कुणीतरी येऊन पायाची बोटं हलवायला सांगणार. हे "काही नाही" घरच्यांच्या गळी उतरवणं फार अवघड. मला गोळी नाही, इंजेक्शन नाही, मग डॉक्टर करतायत काय? आईला तर पटेचना. तिच्या मते अंगात वारं शिरलं होतं आणि त्याला ओवा-लसूण पाहिजे होता. एक नातेवाईक गावाकडच्या मणका बसवणाऱ्याचा नंबर घेऊन आले. एका झटक्यात हवा काढतो म्हणे. मोडक्या बरगड्या आणि छातीत नळी असलेल्या माणसाला झटका! मी त्यांना हात जोडले. नाकातल्या आवाजात हात जोडणं फार परिणामकारक असतं.

ऑक्सिजनचं मला कळलं नव्हतं. दम फारसा लागत नव्हता, बोटाला लावलेल्या यंत्रात आकडा ९६ होता, तरी पिशवीवाला मास्क लावून ऑक्सिजन मोठा सोडलेला. मला वाटलं बिल वाढवायलेत. रात्रीच्या ड्यूटीवरच्या शिकाऊ डॉक्टरला विचारलं, तर तो स्टूल ओढून बसला. आपण घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन. शरीरात अडकलेल्या हवेतही तोच जास्त, आणि तो रक्तात विरघळायला आळशी. नुसता ऑक्सिजन दिला की रक्तातला नायट्रोजन कमी होत जातो, मग अडकलेल्या हवेतला नायट्रोजन रक्ताकडं ओढला जातो आणि श्वासातनं बाहेर पडतो. म्हणजे हवा काढायला हवाच. त्यानंच सांगितलं की अपघातात मणक्याच्या नळीत हवा गेल्याची पहिली नोंद १९७७ सालची आणि न्यूमोरॅकिस हे नाव तर १९८७ साली पडलं. सीटी नव्हता तेव्हाही हवा शिरत असणारच, दिसत नव्हती एवढंच. कितीतरी लोक ती घेऊन हिंडले असतील आणि आठवड्यात बरे झाले असतील. हे ऐकून मला जेवढा धीर आला तेवढा कशानंच आला नाही.

तरी ती दुसरी रात्र मी विसरणार नाही.

दोन-अडीच वाजले असतील. वॉर्डात कुणीतरी कण्हत होतं. मला जाग आली आणि उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर लागलं. मुंग्या. मी हात हलवला, मुंग्या तशाच. छातीतली धडधड मास्कच्या आत ऐकू यायला लागली. हवा मानेपर्यंत होती, मी स्वतः स्क्रीनवर बघितलेली. आता वर सरकली, दाबायला लागली, असं मनानं घेतलं. आधी पायाची बोटं हलवली. हलली. डावा पाय, उजवा पाय. मग वाटलं, हललीत की मला नुसतं वाटतंय हललीत? अंधारात दिसत नव्हतं. चादरीखालनं पाय बाहेर काढून, बाहेरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात अंगठा वर-खाली करून बघत बसलो. शंभरपर्यंत मोजलं. कारखान्यात पन्नास-साठ किलोची मोटर उचललेली, रात्रपाळीला उभ्यानं काम केलेलं, हे सगळं त्या अंगठ्यावर येऊन थांबलं होतं. खाली चटईवर बायको झोपलेली. तिला उठवावं की नको हे ठरवण्यात दहा मिनिटं गेली. नाही उठवलं. घंटी दाबली.

तोच शिकाऊ डॉक्टर आला. पिन काढली, सगळं पुन्हा तपासलं. मग माझं कोपर हातात घेऊन बघितलं. तिथं लाल वळ होता. उजव्या बाजूला नळी, म्हणून मी कोपर कॉटच्या लोखंडी दांडीवर टेकून झोपत होतो. कोपरातली नस दबली की बरोबर तीच दोन बोटं बधिर होतात. कोपराखाली उशी ठेवली आणि पंधरा मिनिटांत मुंग्या गेल्या. "पण बोलावलंत ते बरोबर केलंत," म्हणाला तो. "असं काही वाटलं तर सकाळची वाट बघायची नाही." पोरगा पंचविशीचाही नसेल. मी त्याला मनातनं नमस्कार केला.

चौथ्या दिवशी बुडबुडे थांबले. मी खोकून बघितलं, सिस्टरनं खोकायला सांगितलं, तरी नाही. तोवर मान परत आली होती, आवाजही. रोज तीन चेंडूंचं यंत्र ओढायचं, पहिला चेंडू ६००, दुसरा ९००, तिसरा १२०० चा. सुरुवातीला पहिलाच कसाबसा उचलायचा. बरगड्या दुखतात म्हणून माणूस अर्धाच श्वास घेतो आणि तिथंच न्यूमोनिया धरतो, म्हणून दुखण्याच्या गोळ्या वेळेवर घेऊन ते करायचं. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. सहाव्या दिवशी एक्स-रे बघून नळी काढली. श्वास पूर्ण सोडून धरून ठेवायला सांगितला, सर्रकन ओढली, टाका बांधला. घालताना जेवढं वाटलं त्याच्या निम्मंही काही नाही. आठव्या दिवशी घरी.

पोलिसांचा जबाब, विम्याचे कागद, यावर लिहायचं तर वेगळी वही लागेल. एकच सांगतो. विम्याच्या खिडकीतल्या बाईंना न्यूमोरॅकिस हा शब्द त्यांच्या यादीत सापडेना, त्यामुळं फाइल दीड दिवस अडकली. शेवटी डॉक्टरांनी बरगड्या आणि न्यूमोथोरॅक्स वर लिहून दिलं आणि सुटलो.

डिस्चार्ज कार्डावर सूचना होत्या. वजन उचलायचं नाही. कुंथायचं नाही, त्यासाठी पातळ औषध. सिगारेट बंद, मी ओढत नाही, पण तंबाखूवरनंही बोलणी खाल्ली. पुढं कधी लगेच ऑपरेशन करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला हे सगळं आधी सांगायचं, कारण भुलीतला नायट्रस ऑक्साइड अडकलेल्या हवेत भराभर घुसतो आणि ती फुगवतो. आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत विमानप्रवास नाही, वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो आणि आतली हवा पसरते. हे वाचून मेव्हणा म्हणाला, "बघा दाजी, होटगी रोडला विमान यावं म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली, भांडणं झाली, आणि आता तुम्हालाच बंदी." हसलो आणि बरगड्या अशा दुखल्या की हसणंही कार्डावर लिहायला पाहिजे होतं.

दोन आठवड्यांनी पुन्हा सीटी. माझ्यासारख्या पेशंटचा दरवेळी पुन्हा सीटी करत नाहीत म्हणे, पण मानेपर्यंत हवा होती म्हणून बघून घेऊ, असं सर म्हणाले. त्यांनी जुना आणि नवा काप शेजारी शेजारी लावला. जुन्यात काळे थेंब, नव्यात तिथं काहीच नाही. "गेली," म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

कारखान्यात जायला दोन महिने लागले. बरगड्या जुळायला वेळ लागतोच. पहिल्या दिवशी हेल्परनं लगेच एका लूमकडं नेलं, प्रेशर पडायलंय म्हणाला. त्याला जॉइंटवर साबण लावायला सांगितलं आणि मी स्टूलवर बसलो. वाकायची अजून भीती वाटते. सापडलं लीकेज, चार फूट मागं.

सीटीच्या फिल्म घरी कपाटावर आहेत. आईला त्या घरात ठेवायच्या नव्हत्या, अपशकुनी वाटतात तिला. परवा उन्हाळ्याची साफसफाई करताना तिनं मोठा लिफाफा खाली काढला, एक फिल्म खिडकीत धरली आणि मला बोलावलं. मी जुन्या फिल्ममधले ते थेंब बोटानं दाखवले, मग नवी दाखवली.

"मग ती हवा गेली कुठं रे?"

"रक्तात विरघळली, आई. रक्तातनं फुफ्फुसात आली आणि श्वासाबरोबर बाहेर."

तिनं दोन्ही फिल्म पुन्हा एकदा उजेडात धरल्या. "म्हंजे आली तिथनंच गेली की," म्हणाली, आणि लिफाफा पुसून परत कपाटावर ठेवायला माझ्याकडं दिला.